नॉर्मल, पण कोणाच्या मानाने?

शहाद्यात दिवसभरात सगळ्यात जास्त कानावर पडणारं इंग्रजी विशेषण शोधायला गेलं, तर ‘नॉर्मल’चा नंबर फार वर लागेल. हॉटेलातला पोऱ्या विचारतो, “पाणी थंड की नॉर्मल?” पंपावरचा विचारतो, “पॉवर की नॉर्मल?” दवाखान्याच्या बाकावर चौकशी चालते, “नॉर्मल झाली की सिझर?” आणि लॅबच्या खिडकीशी कोणी अहिराणीत विचारतं, “समदं नॉर्मल शे ना, ताई?” या एका शब्दावरून पुढचा वाद झाला आहे. एका बाजूला इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. घरची थोडी शेतीही आहे. दुसऱ्या बाजूला त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता गावात प्रॅक्टिस करणारी डॉक्टर. दोघंही कल्पनेतले आहेत. त्यांच्या तोंडची वाक्यं मात्र इथल्या बाकांवर रोज ऐकू येणारी आहेत.

डॉक्टर : सर, माझं चाललं तर हा शब्द मी दवाखान्याच्या पायरीवरच अडवीन. कोणी ‘नॉर्मल’ म्हणालं की मी काय समजायचं, तेच कळत नाही.

सर : अडव ना. त्याच्या जागी कोणाला बसवणार? ‘सामान्य’ म्हटलंस तर पेशंटला वाटेल, आपला रिपोर्ट जरा हलक्यातला आला. शब्द गावानं स्वीकारलाय आणि चांगला राबवलाय. हॉटेलातलं नॉर्मल पाणी म्हणजे थंड न केलेलं, पंपावरचं नॉर्मल म्हणजे पॉवर नसलेलं, नॉर्मल डिलिव्हरी म्हणजे पोट न फाडता झालेली. दरवेळी समोर दुसरा पर्याय उभा असतो आणि ऐकणाऱ्याला तो न सांगता कळतो. हीच त्या शब्दाची सोय आहे. माझ्या वर्गात व्याकरण घोकून नापास झालेली पोरंसुद्धा हे विशेषण बिनचूक वापरतात.

डॉक्टर : पाण्यापुरतं मान्य. तिथं चुकलं तर फार तर घसा धरेल. पण परवा अठरा वर्षांची मुलगी आली होती. हिमोग्लोबिन 9.4. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आत लाली अशी नाहीच, फिकट पांढरी. जिना चढताना दम लागतो म्हणाली. रिपोर्ट आईच्या हातात दिला, तर तिनं घडी घालून पिशवीत टाकला आणि म्हणाली, “आमच्या घरात सगळ्या बायकांचं एवढंच असतं. नॉर्मल आहे ते.” आता सांगा, इथं समोरचा पर्याय कुठला होता?

सर : ही शब्दाची चूक नाही, निवडीची आहे. मी वर्गात तीन शब्द शेजारी शेजारी लिहायचो : कॉमन, युज्वल, नॉर्मल. पुष्कळ ठिकाणी आढळतं ते कॉमन. नेहमी घडतं ते युज्वल. आणि ठरलेल्या मापात बसतं ते नॉर्मल. त्या बाईला ‘कॉमन’ म्हणायचं होतं. ती ‘नॉर्मल’ म्हणाली.

डॉक्टर : म्हणजे माझंच म्हणणं झालं. गल्लत होते.

सर : होते, पण ती शहाद्यात सुरू झालेली नाही. लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. गुण्याला लागलेलं, काटकोनात असलेलं ते नॉर्मल. भूमितीत अजूनही लंब रेषेला नॉर्मल म्हणतात. आता गुण्या काही चार दारं मोजून त्यांची सरासरी काढत नाही. गावातली सगळी दारं तिरकी असली तरी गुण्या नव्वद अंशच सांगणार. पुढे एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचा अदोल्फ केतले आला. मूळचा खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या निरीक्षणातल्या चुका काढायचं गणित त्यानं माणसांना लावलं आणि 1835 मध्ये ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. उंची, वजन, छातीचा घेर, सगळ्याची सरासरी. इथवर ठीक होतं. पण त्याच्या मते तो सरासरी माणूस हाच आदर्श, आणि त्याच्यापासून जो ढळला तो निसर्गाची चूक. तेव्हापासून गुण्या आणि गर्दी एकाच शब्दात नांदतायत.

डॉक्टर : आणि भांडण माझ्या टेबलावर येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 या काळात, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. महाराष्ट्रात 54.2 टक्के. गर्दीला विचारलं, तर रक्त कमी असणं हेच नॉर्मल ठरेल. निम्म्याहून जास्त बायका त्या बाजूला उभ्या आहेत!

सर : मग तुझा गुण्या कुठून आला? हिमोग्लोबिन बारा हवं, हा आकडा तरी आकाशातून पडला का?

डॉक्टर : जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलाय. गरोदर नसलेल्या बाईला 12, गरोदर बाईला साधारण 11, पुरुषाला 13 ग्रॅम. त्याखाली गेलं की ॲनिमिया.

सर : ठरवला कसा? माणसं मोजूनच ना? म्हणजे शेवटी गर्दीच.

डॉक्टर : गर्दीच, पण निवडलेली. ज्यांना लोहाची कमतरता नाही, दुसरा आजार नाही, अशा निरोगी माणसांची. फरक इथंच आहे, सर. आजारी गर्दीची सरासरी काढली तर आजारच प्रमाण होऊन बसतो. त्या आईनं आपल्या घरातल्या बायका मोजल्या. त्यातली एकही कधी तपासलेली नव्हती.

सर : हे पटलं. पण तुझ्या धंद्याचीही जरा झडती घेऊ दे. माझा गेल्या महिन्याचा रिपोर्ट बघ. एक आकडा ठळक छापलाय, शेजारी बाण. रात्रभर घरात कोणी झोपलं नाही. तुझ्याकडे आलो, तर तू म्हणालीस, “काही नाही सर, जरासं वर आहे.” मग ठळक का छापलं?

डॉक्टर : त्या रकान्याला संदर्भ मर्यादा म्हणतात. पुष्कळ निरोगी माणसं तपासायची, आकडे चढत्या क्रमानं लावायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडायचे आणि मधले 95 टक्के ही मर्यादा धरायची. बहुतेक चाचण्यांची मर्यादा अशीच ठरते.

सर : म्हणजे पाच टक्के निरोगी माणसं व्याख्येनंच अ‍ॅबनॉर्मल?

डॉक्टर : हो. आणि एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर धडधाकट माणसाच्याही रिपोर्टात निदान एक आकडा बाहेर पडायची शक्यता 64 टक्के निघते. म्हणून पॅकेजमध्ये पन्नास-साठ तपासण्या करून घेणारे लोक बाण मोजत बसतात, तेव्हा मी आधी त्यांना पाणी देते.

सर : नॉर्मल पाणी!

डॉक्टर : हसा. पण उलटंही होतं. मर्यादेच्या आत असूनही माणूस बरा नसतो. आणि काही मापं तर नुसती परंपरेनं चालत आलेली. अंगाच्या तापमानाचे 98.6 फॅरनहाइट घ्या. जर्मनीच्या वुंडरलिशनं सुमारे 25,000 पेशंटच्या काखेत थर्मामीटर लावून 1868 मध्ये 37 सेल्सिअस सांगितलं, त्याचे झाले 98.6. पुढे 1992 मध्ये अमेरिकेत निरोगी माणसं पुन्हा मोजली, तर सरासरी 98.2 निघाली. आणि माणसागणिक, सकाळ-संध्याकाळ ती बदलते. आपण मात्र पॉइंट सहावर अडून बसतो.

सर : म्हणजे गुण्याही अधूनमधून तपासावा लागतो. मग मी माझ्या शेताचं सांगतो. हवामान खातं म्हणतं, यंदा पाऊस नॉर्मल. सगळ्या देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी 87 सेंटिमीटर, 1971 ते 2020 या पन्नास वर्षांची. तिच्या 96 ते 104 टक्क्यांत पाऊस झाला, तर देशाचा मान्सून नॉर्मल. जिल्ह्याला मात्र सवलत मोठी. सरासरीपेक्षा 19 टक्के कमी ते 19 टक्के जास्त, सगळं नॉर्मलच. आता 19 टक्के कमी पाऊस म्हणजे कोरडवाहू कापसाला काय, हे खात्याला विचारू नये, बांधावर येऊन बघावं.

डॉक्टर : पण खातं खोटं बोलत नाही. त्यांचं माप त्यांनी जाहीर केलंय.

सर : खोटं नाहीच. त्यांचा शब्द आकड्याला बांधलेला आहे, आपण तो सुटा करून आणतो. जिल्ह्याचा पाऊस नॉर्मल म्हटलं, तर त्यात नवापूरकडची झड आली, सातपुड्याचे डोंगर आले आणि शहाद्याचा सपाट पट्टाही आला. शिवाय तो हंगामाचा हिशेब. जूनमध्ये पेरणी झाली, जुलैत वीस दिवस खंड पडला, रोपं माना टाकून बसली, ऑगस्टमध्ये दोन रात्रींत धो-धो कोसळला आणि गोमाई नदीला पूर आला. बेरीज? नॉर्मल. कापूस? गेला. पपईच्या बुंध्याशी पाणी साचलं, तीही गेली. मग पारावर लोक म्हणतात, “सरकार म्हणतं पाऊस नॉर्मल, मग आमचं काय झालं?”

डॉक्टर : बघा, आता तुम्हीच शब्दावर रागावलात.

सर : रागावलो ते अर्धवट वाक्यावर. ‘पाऊस नॉर्मल’ हे अर्धं वाक्य आहे. कुठला भाग, कुठला काळ, कुठल्या सरासरीच्या मानाने, हे उरलेलं अर्धं. जिनिंगवर बघ. कपाशीची गाडी घेऊन गेलो आणि कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, ग्रेडरला म्हटलं, “माल नॉर्मल कोरडा आहे,” तर तो ऐकेल? यंत्र खुपसतो आणि ओलावा वाचतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे बारापर्यंत कपात, बाराच्या वर गाडी परत. तिथं आपण विशेषणावर भरवसा ठेवत नाही, कारण पैसे कापले जातात. शरीराच्या बाबतीत मात्र एका विशेषणावर घरी जातो.

डॉक्टर : आता सिकलसेलचं ऐका, मग कळेल मी एवढी का चिडते. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः आदिवासी पट्ट्यात, हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. लग्न ठरतं. मुलाकडचे म्हणतात, मुलीचं रक्त तपासलंय, रिपोर्ट नॉर्मल आहे. मी कागद मागते, तर साधी सीबीसी. हिमोग्लोबिन बरं, पेशी बऱ्या. पण सिकलसेलचा वाहक माणूस असाच असतो. दिसायला ठणठणीत, शेतात राबणारा, सीबीसी बहुतेक वेळा व्यवस्थित. वाहक आहे की नाही हे त्या कागदावर कळत नाही. त्यासाठी आधी सोल्युबिलिटी चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. मुलगाही वाहक निघाला, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 आणि दोन्हींतून सुटण्याची 25. आणि हे पहिल्या बाळापुरतं नाही. पहिलं बाळ आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली असं होत नाही, दर खेपेला चिठ्ठी नव्यानं निघते.

सर : म्हणजे रिपोर्ट खरा, पण प्रश्नच दुसरा होता.

डॉक्टर : नेमकं! कागदानं रक्त कमी आहे का याचं उत्तर दिलं होतं, आणि लोकांनी ते लग्नाच्या प्रश्नाला लावलं. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 2047 पर्यंतचं उद्दिष्ट घेऊन. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली. तपासणी होईल, सर. पण हातात कागद आल्यावर ‘नॉर्मल’ एवढंच ऐकून लोक गेले, तर उपयोग काय? वाहक म्हणजे आजारी नव्हे, त्याला औषध लागत नाही, त्यानं लग्नही खुशाल करावं. फक्त जोडीदाराची तपासणी आधी व्हावी. एवढं सगळं एका विशेषणात मावत नाही.

सर : मावत नाही. पण आता मी तुझ्या विरोधात जातो. डिलिव्हरीचं ‘नॉर्मल’ तुला नको आहे, बरोबर?

डॉक्टर : नको. ज्या बाईचं सिझर झालं ती काय अ‍ॅबनॉर्मल? सासू बाकावर बसून सगळ्यांना सांगते, “आमची नाही ना झाली नॉर्मल.” बाळ आडवं होतं, त्याचे ठोके मंदावत होते, सिझर केलं म्हणून दोघं जिवंत आहेत. तरी त्या पोरीच्या कपाळावर शिक्का. आणि लोक ज्याला नॉर्मल म्हणतात तेही व्याख्येत बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1996 मध्ये नॉर्मल प्रसूतीची व्याख्या केली : कळा आपोआप सुरू व्हाव्यात, जोखीम कमी असावी, 37 ते 42 आठवडे भरलेले असावेत, बाळ डोक्याकडून आपोआप जन्मावं आणि नंतर दोघं सुखरूप असावीत. आपल्याकडे चिमटा लावून ओढलेलं, कळांचं इंजेक्शन देऊन झालेलं, सगळं नॉर्मलच.

सर : बाईला हिणवतात ते वाईटच. पण मघाचा तुझा मुद्दा आठव. पुष्कळांचं होतं म्हणून ते योग्य ठरत नाही, असं तूच म्हणालीस. मघाच्या त्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सिझरचे आकडेही होते ना?

डॉक्टर : होते. देशात 21.5 टक्के. सरकारी दवाखान्यांत 14.3, खासगीत 47.4.

सर : खासगीत जवळपास निम्मी! आणखी दहा वर्षांनी तिथं सिझर हेच नेहमीचं होईल. मग तू म्हणशील, शब्द काढा. तेव्हा त्या दवाखान्याला विचारायचं कशाच्या आधारावर? “नॉर्मल का नाही झाली?” हा सासूचा प्रश्न सुनेला विचारला तर क्रूर आहे. तोच डॉक्टरला विचारला तर रास्त आहे. शब्द तोच, ज्याला विचारायचा तो माणूस चुकतोय.

डॉक्टर : सर, हे बोचलं. आकड्यांवर वाद नाही. सगळी सिझर अनावश्यक नसतात, अडलेल्या केस शेवटी मोठ्या दवाखान्यातच येतात. पण तीनपट फरक तेवढ्यानं भरून निघत नाही, हेही मला कळतं. तरी घाई कुठून येते तेही ऐका. 1950च्या दशकात अमेरिकेत फ्रीडमननं कळांचा आलेख काढला, त्यावरून ताशी एक सेंटिमीटर हे माप रूढ झालं. गर्भाशयाचं तोंड त्या वेगानं उघडलं नाही की डॉक्टर अस्वस्थ, नातेवाईक त्याहून अस्वस्थ. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, हे माप सगळ्या बायकांना लावू नका, पुष्कळजणी याहून सावकाश आणि सुखरूप बाळंत होतात. म्हणजे नॉर्मल वेगाच्या हट्टापायी नॉर्मल बाळंतपणं मोडली गेली.

सर : म्हणून शब्द ठेव आणि माप तपास. मी तर म्हणतो, फक्त एका ठिकाणी शब्द सरळ काढून टाकावा. माणसाला लावायचा नाही. शाळेत आम्ही शिक्षकच म्हणायचो, “हा स्पेशल, बाकीची नॉर्मल मुलं.” कानाला यंत्र लावलेलं पोरगं पहिल्या बाकावर बसून ते ऐकायचं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं नोंदली आहेत, त्यांत तुझा सिकलसेलही आहे. कायद्याला प्रत्येक गोष्टीचं नाव घेता येतं, तर आपल्यालाही घेता आलं पाहिजे. ऐकायला कमी येतं, तर तसं म्हणा. उरलेल्यांना नॉर्मल म्हणण्याची गरज कुठे आहे?

डॉक्टर : यावर माझी काहीच हरकत नाही. पण मग तुमचा नियम काय झाला?

सर : वस्तूला खुशाल लाव. पाणी, पेट्रोल, फोन. मोजलेल्या गोष्टीला लावायचं तर सोबत आकडा आणि कोणाच्या मानाने हे सांग. माणसाला लावू नकोस.

डॉक्टर : आणि बाळंतपण? वस्तू नाही, नुसतं मोजमाप नाही, आणि माणसापासून वेगळंही काढता येत नाही. तिथं तुमचा नियम अडतो. मी माझ्या कागदावर ‘योनीमार्गे प्रसूती’च लिहिणार.

सर : लिही. बाकावर मात्र ‘नॉर्मल’च चालणार, आणि त्यांनी तुला जाब विचारायला तोच वापरावा असं मी सांगत फिरणार. तिथं आपलं जमणार नाही.

डॉक्टर : नको जमू दे. पण मला एक सांगा, ती मुलीची आई तुमचा नियम पाठ करणार आहे का?

सर : तिला नियम नको, दोन प्रश्न पुरेत. ‘किती आहे?’ आणि ‘किती हवं होतं?’ रिपोर्ट असो, पाऊस असो, बाळाचं वजन असो. शाळेत पोराचा निकाल लागला की हीच बाई मास्तरला हे दोन्ही प्रश्न खडसावून विचारते. दवाखान्यात आली की गप्प बसते.

डॉक्टर : कारण दवाखान्यात प्रश्न विचारला की डॉक्टर वैतागतो. तेही म्हणा ना. बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात, आणि ‘नॉर्मल आहे, काही नाही’ म्हटलं की एक खुर्ची रिकामी होते. त्या आईनं घाईनं घडी घातली, तसा मीही कित्येकदा कागद घाईनं परत केला असेल.

सर : म्हणजे शब्द दोन्ही बाजूंना सोयीचा. ऐकणाऱ्याला भीती नको असते, सांगणाऱ्याला वेळ नसतो, आणि ‘नॉर्मल’ म्हटलं की बोलणं संपतं. तुझं खरं भांडण त्या संपण्याशी आहे.

डॉक्टर : असेल. मग त्या दोन प्रश्नांना तिसरा जोडा. आकडा कळला, हवा तो आकडा कळला, पण ‘मग आता काय करायचं?’ हे विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. 9.4 ऐकून, 12 ऐकून ती घरी गेली आणि लोहाच्या गोळ्या सुरूच झाल्या नाहीत, तर तुमचं इंग्रजी शुद्ध होईल, तिचं रक्त नाही वाढणार.